मध्यस्थ कोणाचा असावा?



भांडण सोडवणारा माणूस तिऱ्हाईतच पाहिजे, असं वस्तीत आपण नेहमी म्हणतो. गिरणीतल्या संपात आम्हीही तेच म्हणत होतो. इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, गोष्ट इतकी सोपी नाही. एक दाखला तर आपल्या नागपूरचाच आहे.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरकर मुधोजी भोसल्यांनी बंगालवर चालून जावं, असं ठरलं होतं. त्यांचे पुत्र चिमणाजी फौज घेऊन कटकपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. वॉरन हेस्टिंग्जकडून लाखो रुपये मिळाले. याच मुधोजींमार्फत इंग्रजांनी 1780 मध्ये तहाचं बोलणं लावून पाहिलं. ते जमलं नाही. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचा शब्द कोण मानणार?

मग महादजी शिंदे पुढे आले. तेही तिऱ्हाईत नव्हते. स्वतः इंग्रजांशी लढले होते. 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख पेशव्यांना परत मिळाला, आणि भडोच महादजींच्या पदरात पडलं. स्वार्थ होताच, पण तो उघड होता. शिवाय महादजी दोन्ही बाजूंचे जामीन होते, पाठीशी फौज होती. 1803 पर्यंत इंग्रज-मराठ्यांत पुन्हा युद्ध पेटलं नाही.

उलट श्रीलंकेत नॉर्वे खरा तिऱ्हाईत. 2002 मध्ये शस्त्रसंधी झाली. पण मोडणाऱ्याला अडवायची ताकद नॉर्वेकडे नव्हती. 2008 मध्ये सरकारनं ती सोडली आणि 2009 मध्ये रणांगणावरच शेवट झाला.

आता रोहिणी नदीचं पाणी आठवा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलंय : दोघे शाक्यांचे, दोघे कोलियांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, असं सिद्धार्थानं संघात सुचवलं. कोणाला पक्ष नाही असं सोंग त्यात नव्हतं. दोन्ही पक्ष एका सतरंजीवर बसवायचे होते. संघानं बहुमतानं ते नाकारलं.

सालबाईला साष्टीच्या रयतेला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून उद्या वस्तीत पंच निवडताना आपण तीन गोष्टी विचारू : त्याचा स्वार्थ उघड आहे का? शब्द मोडणाऱ्याला तो अडवू शकतो का? आणि ज्यांचं पाणी, त्यांना बैठकीत जागा आहे का?