आपोआप साफ होणारी टांकी

फ्रान्समधील व्हेसूल या गांवीं झां लुई मूरास नांवाचे एक गृहस्थ राहत. सन १८६० च्या सुमारास त्यांनीं एका घराचें सांडपाणी व मैला नेऊन सोडण्यासाठीं एक बंदिस्त पक्की टांकी बांधली. त्या काळीं युरोपांतील शहरांत घरांखालीं मैल्याचे खड्डे असत, व ते भरले म्हणजे माणसें लावून उपसावे लागत. मूरास यांची टांकी मात्र भरेना. सुमारें बारा वर्षांनीं ती उघडली तेव्हां आंत घन मैला जवळजवळ नव्हताच, असें सांगतात. पुढें आबे म्वान्यो या विज्ञानप्रेमी धर्मगुरूंच्या साहाय्यानें मूरास यांनीं आणखी प्रयोग केले, १८८१ सालीं पेटंट घेतलें, आणि टांकीला ‘आपोआप मैला उपसणारें यंत्र’ अशा अर्थाचें नांव मिळालें.

नांव मोठें मोहक खरें. पण साऱ्या घोटाळ्याचें मूळही त्यांतच आहे. टांकी एकदां बांधली कीं तिच्याकडे पुन्हां पाहावयास नको, ही समजूत तेव्हांपासून चालत आली, ती अद्याप गेलेली नाहीं.

इंग्लंडांत एक्झेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५ सालीं अशाच बंद टांकीचा प्रयोग केला. ‘सेप्टिक टँक’ हें नांव त्यांनींच रूढ केलें; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कुजविणारा’ असा आहे. हवेवांचून जगणारे जंतु असतात हें पाश्चर यांनीं १८६१ सालींच दाखविलें होतें. टांकीच्या काळोखांत हेच जंतु मैल्याचें विघटन करितात. त्याचा कांहीं भाग पाण्यांत विरतो, तर कांहीं वायुरूप होऊन जातो. त्या वायूंत ज्वलनशील मिथेन असतो, व एक्झेटर येथें त्यावर दिवेही लावण्यांत आले.

मुंबईही या बाबतींत मागें नव्हती. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या टांक्यांवर वायु सांठविण्याची सोय केली गेली व त्यावर इंजिन चालविण्यांत आलें. कांहीं पुस्तकांत या प्रयोगाचें साल १८५९ असें छापलेलें आढळतें. परंतु म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकारानें तो आश्रमच मुळीं १८९० सालीं निघाला. तेव्हां तें साल सोडून द्यावें हें बरें.

कौतुकाचा हा भर ओसरण्यास फार काळ लागला नाहीं. ब्रिटनमध्यें १८९८ सालीं सांडपाण्याच्या विल्हेवाटीसंबंधीं एक रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. टांकींत सर्व घन मैला जिरून जातो हा दावा खरा नाहीं, असा स्पष्ट निर्वाळा त्या कमिशननें १९०८ च्या अहवालांत दिला. बाहेर पडणारें पाणी निर्जंतुक नसतें, हेंही त्यानें नमूद केलें.

टांकीचें काम पाहिलें म्हणजे याचें कारण ध्यानीं येतें. जड मैला तळाशीं बसतो, तेलकट पदार्थ वर तरंगून त्यांची जाड साय धरते, आणि मधल्या थरांतील पाणी पलीकडच्या नळीनें शोषखड्ड्याकडे जातें. वरून जितकें पाणी पडेल तितकेंच बाहेर निघतें. म्हणून टांकी बाहेरून पाहणाराला नेहमीं सारखीच भरलेली दिसते. आंत मात्र न कुजलेला गाळ वर्षानुवर्षें चढत असतो. तो चढला कीं पाण्यास निवळण्यापुरती उसंत मिळत नाहीं. मैला तसाच वाहून जातो व शोषखड्ड्याच्या जमिनीचीं छिद्रें बुजवितो. तसें झाल्यावर टांकी उपसली तरी शोषखड्डा पूर्ववत् होत नाहीं. यासाठीं घरगुती टांकी दोन-तीन वर्षांनीं उपसावी, आणि थोडा जुना गाळ तळाशीं विरजणासारखा राहूं द्यावा. गृहिणींच्या स्वच्छतेच्या हौसेला येथें थोडा आळा हवा. संडासांत ओतलेलें ॲसिड व फिनेल यांनीं ते उपयोगी जंतुच मरतात.

परंतु उपसावी कोणी? आपल्या देशांत हें काम जन्मानें ठराविक जातींच्या गळ्यांत बांधलें गेलें, आणि टांक्या आल्या तरी तें सुटलें नाहीं. गाळांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायु प्रथम सडक्या अंड्यासारखा दरवळतो. प्रमाण वाढलें कीं नाकाची संवेदनाच बधिर होते, आणि वास गेला असें समजून उतरलेला मनुष्य तेथेंच कोसळतो. त्याला काढावयास उतरणारा दुसराही बहुधा परत येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून माणसास टांकींत उतरविण्यास १९९३ च्या कायद्यानेंही पुरता आळा बसला नव्हता; २०१३ च्या कायद्यानें अशी मनाई स्पष्टपणें केली. मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाख केली. मृत्यु मात्र थांबलेले नाहींत. कारण टांकी तुंबून मैला अंगणांत येईपर्यंत घरमालकास तिची आठवण होत नाहीं, आणि मग घाईनें मिळेल तो मनुष्य बोलावला जातो.

सातारा जिल्ह्यांतील वाई नगरपालिकेनें २०१८ सालीं या घाईवरच उपाय योजिला. कोणी तक्रार करावी याची वाट न पाहतां, तीन वर्षांत प्रत्येक घराची पाळी येईल अशा बेतानें पालिकेची पंपाची गाडी गल्लोगल्लीं फिरूं लागली. उपशाचा खर्च स्वच्छता-करांतून भागविण्याचें ठरलें, आणि उपसलेला मैला ओढ्यांत न ओततां प्रक्रिया-केंद्रावर नेण्याची व्यवस्था झाली. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नरनेंही तीच वाट धरली.