रात्र कोणाच्या मालकीची?

शिकागोत १९७७ साली 'वेअरहाऊस' हा क्लब सुरू झाला. काळे, लॅटिनो, समलिंगी तरुण तिथे फ्रँकी नकल्सच्या तबकड्यांवर पहाटेपर्यंत नाचत. हाऊस संगीताचे नाव त्या क्लबावरून पडले असे मानतात. त्याचाच खोल, संथ प्रवाह म्हणजे डीप हाऊस. ठाण्या-डोंबिवलीच्या आपल्या पोरांना हे ठाऊक असते. आपल्या जागरणांचा इतिहास मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीत मी भीमगीतांचे मुकाबले ऐकले आहेत. दोन गायन पार्ट्या, ढोलकी, पेटी, कव्वालीचा ठेका. सवालाला जवाब मिळेपर्यंत माणूस उठत नसे. पहाटेच्या लोकलने कित्येक जण थेट कामावर जात. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांना वस्त्यांनी ऐकले ते अशाच उघड्या मांडवांत. तिकीट नव्हते, दार नव्हते.

दार नव्हते हेच नडले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद केला. आजाऱ्याची झोप मलाही मान्य आहे. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहांना, मेजवानीच्या हॉलना सूट आहे. ज्याला चार भिंती, त्याची रात्र शाबूत! सणासमारंभाला राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. मुकाबला रंगायचा तो १२ नंतरच.