नाणेघाटातली जकात

नौपाड्यात अजून उजाडलेलं नाही. साल 1983, महिना डिसेंबर, आणि आज तुमच्या लग्नाला दहा वर्षं होताहेत. मुलांना काल रात्रीच घंटाळीला आजीकडे सोडलंय. 'अहो' पद्मिनीचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालताहेत. तुम्ही मागच्या सीटवर डबा नीट बसवता. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे दोन खडे आहेत. गोखले रोडवर एकही गाडी नाही, आणि आजच्या नौपाडकराला हे सांगूनही पटायचं नाही.

खाडीचा पूल, मुंब्र्याचा डोंगर, शीळफाटा, कल्याण. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की काच खाली करा. भाताची कापणी झाली आहे, खळ्यांवरून पेंढ्याचा वास येतो. मुरबाड मागे पडतं आणि समोर सह्याद्री उभा राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, आणि ते थर कड्यांवर अजून मोजता येतात. टोकावड्यापुढे वैशाखरे. माळशेजचा डांबरी रस्ता पुढे जातो, पण तुम्ही इथेच गाडी लावता. दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणहून निघालेला माणूस इथून पायीच नाणेघाट चढायचा, म्हणून तुम्हीही चढणार आहात.

वाट आधी रानातून जाते, मग दगडी पायऱ्यांची होते. वानरांची टोळी झाडं हलवत निघून जाते. अर्ध्या चढावर 'अहो' थांबतात आणि म्हणतात, "अगं, वर बघ."

गिधाडं! जीवधन किल्ल्याच्या अंगाने एक वर येतं, मग आणखी चार, मग मोजणं सुटतं. पंख न हलवता, तापलेल्या हवेवर ती गोल फिरत राहतात. कड्याच्या कपारीत एका वेळी एकच अंडं, आणि ते नर आणि मादी दोघंही आळीपाळीने उबवतात. मनसोक्त पाहा, घाई करू नका. तुम्ही आजच्या काळात परत याल तेव्हा हे आकाश जवळजवळ रिकामं असेल. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे साधं वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. जनावरांसाठी ते औषध वापरण्यावर 2006 साली बंदी आली. मला विचाराल तर या सहलीत पाहण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे. घाटातलं लेणं कुठे जात नाही.

लेणं घाटमाथ्याच्या जरा खाली, कोकणाकडे तोंड करून आहे. तिन्ही बाजूंना दगडी बाक, डावी-उजवी भिंत ब्राह्मी अक्षरांनी भरलेली. भाषा प्राकृत. यज्ञांची आणि दानांची यादी आहे, 1700 गाई आणि 10 हत्ती असे आकडेसुद्धा खोदलेले. मागच्या भिंतीवर मात्र नुसती पावलं उरली आहेत, आणि त्यांच्या वर नावं. तुम्ही त्या पावलांपाशी वाकून बघता.

आता 'अहों'चा हात धरा. इथून पुढे दोन हजार वर्षं मागे.

पावलांवर माणसं उभी आहेत. मूर्ती अजून अभंग आहेत. त्यांचे चेहरे कसे होते हे कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही, तेव्हा तुम्हीच पाहून घ्या. राणी नागणिका आणि राजा शातकर्णी, दोघांचं नाव एकाच ओळीत, आणि आधी तिचं. बहुतेक अभ्यासक मानतात की राजा गेल्यावर तिने हा लेख कोरवून घेतला. दोघांनी मिळून केलेले अश्वमेध आणि राजसूय तिने इथे नोंदवून ठेवले. राजवाड्यात नाही, देवळात नाही, जिथून सोपारा-कल्याणचा व्यापारी जुन्नर-पैठणला जाणार त्या भर रहदारीच्या खिंडीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचेल अशा जागी तिने आपला संसार लिहिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

बाहेर घंटा वाजताहेत. लादलेले बैल फुरफुरत वर येतात, हाकणारे ओरडतात, कुणाचं तरी गोणपाट फाटून धान्य सांडतं. खिंडीच्या तोंडाशी भलामोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकायची, असं इथले लोक सांगत आले आहेत. जकात घेणारा तुम्हाला अडवतो. भाषा अर्धीमुर्धीच कळते, पण प्रश्न कळतो. माल काय?

'अहो' दोन्ही हात उघडे करून दाखवतात. तुम्ही डबा उघडता. तो दशमीचा तुकडा मोडतो, चटणीला लावतो आणि तोंडात टाकतो. मिरची या देशात यायला अजून दीड हजार वर्षं आहेत आणि शेंगदाणाही तिच्यासारखाच समुद्रापलीकडे आहे. त्याचे डोळे भरून येतात, तो खोकतो, पाण्यासाठी ओरडतो. मागच्या बैलवाल्यांची रांग खोळंबते. गुळाचा खडा तुम्ही त्याच्या तळहातावर ठेवता. तो चघळून झाल्यावर रांजणाकडे पाहतो, तुमच्या दोघांकडे पाहतो, आणि नाणं न मागता डब्याकडे पुन्हा हात पुढे करतो.