हाडांची पाठचिकित्सा

मूळ पोथी उपलब्ध नसताना तिच्या नकलांवरून मूळ पाठाचा शोध घेण्याची विद्या साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हेच काम केले. लेखनिक चुकतो, फाटलेल्या पानाची जागा स्वतःच्या बुद्धीने भरून काढतो, दोन परंपरांचे पाठ एकत्र करतो, हे आपण गृहीतच धरलेले असते. म्हणूनच संपादित पाठाखाली पाठभेद छापले जातात. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या महाकाय प्राण्यांचे सांगाडेही अशाच वाटेने आपल्यापर्यंत पोहोचले आहेत, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. संग्रहालयात उभा असलेला सांगाडा आपण ‘मूळ’ समजून पाहतो. वस्तुतः तोही बहुधा संपादित पाठच असतो.

या इतिहासात १९०५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या संग्रहालयात डिप्लोडोकसच्या प्लॅस्टरच्या सांगाड्याचे अनावरण झाले. मूळ हाडे अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडलेली, उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशाने खणून काढलेली. सातव्या एडवर्डला त्या प्राण्याचे चित्र आवडले आणि कार्नेगींनी त्याची प्रतिकृती भेट म्हणून धाडली. पुढे बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग अशा अनेक शहरांत तिच्या बहिणी गेल्या. गंमत अशी की पिट्सबर्गच्या संग्रहालयात मूळ हाडांचा सांगाडा उभा राहिला तो १९०७ साली. नक्कल आधी लोकांपुढे आली, मूळ मागाहून.

त्याच १९०५ साली वॉशिंग्टनमध्ये ट्रायसेराटॉप्सचा जगातला पहिला सांगाडा उभा राहिला. डिप्लोडोकसच्या कार्नेगी-जातीचे १९०१ साली शास्त्रीय वर्णन करणारे जॉन बेल हॅचर यांनीच ही हाडेही पूर्वी जमवली होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि सांगाडा रचण्याचे काम चार्ल्स गिल्मोर यांनी केले. एकाच प्राण्याची सगळी हाडे हाती नव्हती, म्हणून अनेक प्राण्यांची हाडे एकत्र आणली गेली. कवटी शरीराच्या मानाने लहान होती, तर मागची पावले चक्क बदकाच्या चोचीसारखे तोंड असलेल्या दुसऱ्याच डायनोसॉरची होती. पाठचिकित्सेच्या भाषेत हा मिश्र पाठ होय. पुढची नव्वदहून अधिक वर्षे प्रेक्षकांनी तो एकसंध प्राणी म्हणून पाहिला.

१९९८ च्या सुमारास ही हाडे ठिसूळ होत असल्याचे ध्यानात आले आणि सांगाडा उतरवण्यात आला. पूर्वीच्या रीतीने साचा घ्यायचा तर हाडावर द्रव रबर थापावे लागते, आणि ते सोलून काढताना नाजूक हाड तुटण्याचे भय असते. लेसर स्कॅनर हाडाला स्पर्श करीत नाही. प्रकाशाची रेघ हाडावर फिरते, परावर्तित प्रकाशावरून प्रत्येक बिंदूचे स्थान मोजले जाते, आणि चहूबाजूंनी घेतलेली अशी मोजमापे जुळवून संगणकावर हाडाचे पृष्ठ उभे राहते. आतली रचना मात्र त्याला दिसत नाही. तिच्यासाठी सीटी स्कॅन लागतो. राल्फ चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजमापांवरून कवटी सुमारे १५ टक्क्यांनी मोठी केली आणि जिथे एका बाजूचे योग्य हाड नव्हते तिथे दुसऱ्या बाजूच्या हाडाचे आरशातल्यासारखे उलटे रूप घेतले. प्राण्याचे पुढचे पाय कोपरात किती फाकत असावेत, या जुन्या वादाचा विचार संगणकावर सांधे हलवून करता आला. २००१ साली नवी प्रतिकृती उभी राहिली आणि तिला ‘हॅचर’ हे नाव मिळाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. १९०५ चा सांगाडा खऱ्या हाडांचा होता, पण त्या मापांचा प्राणी कधी जगला नव्हता. २००१ च्या सांगाड्यात मूळ हाड नाही, तरी प्राण्याच्या रूपाशी तो अधिक प्रामाणिक आहे. मग विश्वसनीय कोणता? माझ्या मते उत्तर सामग्रीत शोधू नये, नोंदीत शोधावे. गिल्मोर यांनी हाडे जुळवली, चॅपमन यांनी आकडे जुळवले. संपादन दोघांनीही केले. फरक इतकाच की स्कॅनमध्ये मूळ मोजमाप आणि केलेला बदल वेगवेगळे जपता येतात. पाठाखाली पाठभेद छापावेत तशीच ही सोय आहे. ती वापरली नाही, तर संगणकाची नक्कल प्लॅस्टरच्या नकलेहून अधिक फसवी ठरेल, कारण ती अधिक निर्दोष दिसते.

नोंदीचे मोल चिलीतल्या अटाकामा वाळवंटात अधिक तीव्रतेने कळते. काल्देरा गावाजवळ २०१० साली महामार्गाचे रुंदीकरण चालू असताना देवमाशांचे सांगाडे उघडे पडले. पुढे तेथे चाळीसहून अधिक सागरी सस्तन प्राण्यांचे अवशेष मिळाले. रस्त्याचे काम थांबणार नव्हते. निक पायेन्सन यांच्याबरोबर आलेल्या स्मिथसोनियनच्या तंत्रज्ञांनी २०११ मध्ये ते सांगाडे जागच्या जागी स्कॅन केले. नंतर हाडे संग्रहालयांत गेली आणि त्या जागेवरून रस्ता गेला. कोणता प्राणी कुठल्या थरात, कोणत्या दिशेला तोंड करून पडला होता, हा त्या मृत्यूंच्या कारणाचा पुरावा होता. विषारी शैवालामुळे हे प्राणी पुन्हा पुन्हा मेले असावेत, हा निष्कर्ष २०१४ साली मांडला गेला तो अशाच नोंदींच्या आधारे. हाडे हलवता आली. त्यांची एकमेकांशी असलेली जागा हलवता येत नाही. ती आता केवळ नोंदीत उरली आहे. पण स्कॅन झाला म्हणजे स्थळ मोडायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ कोणी काढू लागले तर त्यासारखा धोका नाही.

आपल्याकडे उलट अनुभव आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरजवळ काही मणके सापडले. तोवर ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो १८४२ चा. १८७७ साली लिडेकर यांनी त्या अवशेषांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले आणि पुढे त्यावरून डायनोसॉरांच्या एका मोठ्या गटाचे नामकरण झाले. ज्यावर हे नाव उभे, तो अवशेष मात्र हरवला. अभ्यासकांची भिस्त बरीचशी जुन्या वर्णनांवर आणि चित्रांवर राहिली. २०१२ साली धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा गवसला.

तो कोणी चोरला नव्हता, जळाला नव्हता. नोंदीचा धागा तेवढा तुटला होता. स्कॅनर हा धागा आपोआप जोडत नाही. संगणकातली नाव नसलेली फाइलही हरवतेच. पण अवशेष, त्याची नोंद आणि त्याची प्रतिकृती ही तिन्ही एकमेकांची साक्ष देत राहिली, तर एकीवरून दुसरीकडे जाता येते. एक पोथी गहाळ झाली तरी पाठ उरावा, आणि पाठाविषयी शंका आली तर पोथीकडे परतता यावे, एवढीच अपेक्षा आपण ग्रंथांच्या बाबतीत बाळगतो. हाडांच्या बाबतीतही ती बाळगायला हवी.