राळेगणसिद्धीचे यादवबाबा मंदिर : जीर्णोद्धारातून ग्रामोद्धार

पारनेर तालुका हा पर्जन्यछायेतला तालुका. आकाशाकडे डोळे लावून पेरणी करायची आणि पावसाने ओढ दिली की पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरायची, हे येथील कित्येक पिढ्यांच्या वाट्याला आले. तरीही निघोजची मळगंगा, पिंपळगाव रोठ्याचा कोरठण खंडोबा, पिंपळनेरची संत निळोबारायांची समाधी, अशी श्रद्धास्थाने या खडकाळ मुलखात लोकांनी जीव लावून सांभाळली. विहीर आटली तरी देवापुढच्या समईत तेल कमी पडू दिले नाही. मुंबईला गेलेला माणूसही यात्रेला आणि सप्ताहाला गावी आल्यावाचून राहिला नाही.

अशा तालुक्यात देवळाचा जीर्णोद्धार ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मात्र एका देवळाचा जीर्णोद्धार असा झाला की त्याची कीर्ती देशभर गेली. ते देऊळ म्हणजे राळेगणसिद्धी येथील संत यादवबाबांचे मंदिर. त्या मंदिराला किती खर्च आला याची चर्चा आज कोणी करीत नाही. त्या मंदिरात बसून गावाने काय काय केले, याचीच चर्चा होते. जीर्णोद्धाराच्या कार्यास हात लावणाऱ्या प्रत्येक ग्रामस्थाने आणि देणगीदाराने हा इतिहास एकवार नजरेखालून घालावा, असा आहे.

सेवेची परंपरा या मातीला नवी नाही. सेनापती बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथेच झाला. विलायतेला शिकायला गेलेला, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या हस्तगत केलेला हा क्रांतिकारक अज्ञातवासानंतर पारनेरला परतला, तेव्हा त्याने हाती काय घेतले? झाडू घेतला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडावेत, लोकांनी केलेली घाण स्वतः साफ करावी, हा त्यांचा नेम होता. पुढे १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाने ते ‘सेनापती’ झाले. पण पारनेरकरांनी त्यांना त्याआधीच झाडूवाला सेवक म्हणून पाहिले होते. मोठा माणूसही गावाचे हलके काम करतो आणि त्यामुळे लहान होत नाही, हा धडा तालुक्याने तेव्हाच गिरवला होता.

आता १९७५ सालच्या राळेगणकडे वळू. पाऊस वर्षाकाठी जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. हजारो एकरांच्या शिवारात पाण्याखाली भिजणारी जमीन ७०-८० एकरांच्या वर नव्हती. बहुतेक घरांत वर्षभराचे धान्य पिकत नसे. शेतीने साथ सोडली तेव्हा काही जणांनी दारूच्या भट्ट्या लावल्या आणि बघता बघता त्यांची संख्या तीसच्या वर गेली. भट्टी आली की भांडण आले, कर्ज आले, घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले. यादवबाबांच्या देवळाची तर अशी दशा झाली होती की देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीच्या जाळात गेले, असे सांगतात. ज्या गावात देवाच्या छपराचे लाकूड दारू गाळायला जळते, त्या गावाचे आणखी काय वर्णन करावे!

त्याच वर्षी लष्करातून निवृत्त होऊन किसन बाबुराव हजारे गावी परतले. आज त्यांना सारा देश अण्णा हजारे म्हणून ओळखतो. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर ते लष्करी गाडी चालवीत होते. त्या हल्ल्यात सोबतचे जवान धारातीर्थी पडले आणि ते मात्र वाचले. आपण वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर हाती आलेल्या स्वामी विवेकानंदांच्या एका पुस्तकाने त्या प्रश्नाला वाट दाखविली. लग्न करायचे नाही, उरलेले आयुष्य गावाला द्यायचे, असा निश्चय करून ते आले.

गावात पाऊल टाकताच त्यांनी भाषणे दिली नाहीत. पडक्या देवळाचे काम हाती घेतले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पुंजीतून सुमारे २०,००० रुपये त्यांनी या कामाला लावले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आयुष्यभर साठविलेले स्वतःच्या घराला न लावता देवळाला लावणारा माणूस गावाने प्रथमच पाहिला. आधी लोकांना संशय आला. हा माणूस यातून काय साधणार, अशी कुजबुजही झाली असेल, कारण वर्गणीचा पैसा कुठे जातो हा प्रश्न कोणत्या गावात विचारला जात नाही? पण येथे वर्गणी मागण्यापूर्वी मागणाऱ्यानेच आपली गाठ सोडली होती. हळूहळू हात पुढे आले. कोणी लाकूड दिले, कोणी पैसा दिला, आणि ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. तरुण पोरे कामाला लागली, त्यांच्यापाठोपाठ वडीलधारी मंडळीही आली. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण राळेगणने त्या दिवसांत खरी करून दाखविली.

देऊळ उभे राहिले. एरव्ही येथेच कथा संपते. कलश चढतो, महाप्रसाद होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात. राळेगणची कथा येथे सुरू झाली. संध्याकाळी मंडळी देवळात बसू लागली. गावच्या अडचणींची बोलणी तेथेच होऊ लागली. तरुण मंडळ स्थापन झाले आणि ज्या पोरांनी देवळासाठी घाम गाळला होता तीच गावाची स्वयंसेवक फौज बनली. देवळातील अशाच एका बैठकीत दारूबंदीचा ठराव झाला. कागदावरचा ठराव मोडता येतो. देवासमोर दिलेला शब्द मोडणे गावकऱ्याला जड जाते. तीसहून अधिक भट्ट्या त्यांच्या मालकांनीच बंद केल्या. जे ऐकेनात त्यांच्या भट्ट्या तरुणांनी मोडल्या. पुढे दुकानांतून विडी, सिगारेट, तंबाखू गोळा करून तरुण मंडळाने त्यांची होळी केली.

या इतिहासाची एक बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. समज देऊनही जे दारू पिऊन आले, त्यांना खांबाला बांधून फटके मारण्यात आले. अण्णांनी ही गोष्ट कधी लपविली नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते, तसे हे, असे त्यांचे म्हणणे राहिले. ज्या बाईचा नवरा शुद्धीवर आला, तिला हे मान्य झाले असेल. परंतु देवळाच्या नावाने चाललेल्या सेवेत मारझोड असावी काय, असा प्रश्न अनेक विचारवंतांनी विचारला आणि तो रास्तही आहे. भीतीने सोडलेली दारू भीती गेली की परत येऊ शकते. राळेगणमध्ये पुढे जे टिकले ते फटक्यांपेक्षा श्रमदानाने टिकले, हे त्यानंतरच्या कामांवरून दिसते.

ती कामे पाण्यापासून सुरू झाली. सरकारी योजनेतून झालेला पाझर तलाव गळका होता; पाणी त्यात ठरत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि तलावाच्या खालच्या बाजूच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. डोळ्यांनी पाणी दिसले, मग विश्वास बसला. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी केलेला पाणलोटाचा आणि पाणी पंचायतीचा प्रयोगही अण्णांनी पाहिला होता. डोंगरउतारावर चर खोदले, ओढ्या-नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही असे ठरले. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही राळेगणची पंचसूत्री पुढे महाराष्ट्रभर सांगितली जाऊ लागली. पाच सूत्रांतील चार ‘बंदी’ आहेत आणि पाचवे ‘दान’ आहे. त्या पाचव्या सूत्रावाचून पहिली चार कोरडीच राहिली असती.

१९८० च्या दशकात गावात धान्यबँक चालू झाली. ज्याच्या खळ्यात जास्त पिकले त्याने देवळाच्या कोठारात धान्य द्यावे, ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत असेल त्याने तेथून न्यावे आणि पीक आले की थोडी वाढ घालून परत करावे, अशी ही रीत. सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा देवाच्या दारी येणे गरिबाला सोपे झाले. घेतल्याचा कमीपणा नाही, कारण परत द्यायचे आहे. दिल्याचा गर्व नाही, कारण ते देवळाचे झाले आहे.

शिक्षणाचेही तसेच. १९७१ साली गावात शिकलेली माणसे शेकडा तीसच्या आसपास होती आणि त्यात स्त्रिया तर अगदी थोड्या. १९७९ मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ नोंदविले गेले. शाळेच्या इमारतीसाठी सरकारी अनुदान मिळाले, पण बांधकामाला हात गावकऱ्यांचे लागले. वसतिगृह झाले. इतर शाळांनी नाकारलेल्या, नापास झालेल्या मुलांना या शाळेने आवर्जून जवळ केले. १९८२ मध्ये गावातील पहिली मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्या संताच्या देवळाचे लाकूड जळाले होते, त्याच्याच नावाच्या संस्थेने हे घडविले.

या सर्वांत मोलाची कामगिरी दलित वस्तीसंबंधीची म्हणावी लागेल. गावातील दलित कुटुंबांचे बँकेचे कर्ज थकले होते. गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात श्रमदान करून पीक काढले आणि ते कर्ज फेडण्यास मदत केली. त्यांची घरे बांधायलाही गाव धावला. सामुदायिक विवाहांत सर्व जातींची लग्ने एका मांडवात लागू लागली आणि स्वयंपाक, वाढप, मांडव हे सारे तरुण मंडळाने अंगावर घेतले. त्यामुळे गरीब बापाला मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी येईना. देवळाच्या पंगतीत कोण बसतो आणि कोण वाढतो, यावरून त्या देवळाची खरी उंची मोजता येते.

राळेगणच्या कामाची दखल पुढे सरकारनेही घेतली. अण्णांना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे किताब मिळाले. राळेगणच्या धर्तीवर महाराष्ट्र शासनाने आदर्श गाव योजना हाती घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपाल कायद्यासाठी अण्णांनी उपोषण केले, ते याच यादवबाबा मंदिरात, आणि त्याच महिन्यात संसदेने विधेयक संमत केले. अनेक वर्षे त्यांचा मुक्कामही या मंदिरातील एका लहानशा खोलीतच होता. मंदिर बांधायला आलेला माणूस मंदिराचाच होऊन गेला.

आज तालुक्यातील गावोगावी जुनी देवळे नवी होत आहेत. मुंबई-पुण्याची मंडळी सढळ हाताने देणग्या पाठवितात, गावची मंडळी आपापल्या परीने राबतात. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात आणि ते योग्यच आहे. दात्याचे स्मरण ठेवणे हा आपला धर्म आहे. परंतु डोक्यावरून वाळूची पाटी वाहणाऱ्या बाईचे, पहाटे रांजणात पाणी भरणाऱ्या पोराचे, सप्ताहात शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहून स्वतः उपाशी राहिलेल्या स्वयंसेवकाचे नाव कोणत्याही शिळेवर येत नाही. राळेगणच्या देवळाला मोठेपण आले ते अशाच हातांमुळे.

कलशारोहणाने मंदिराचे काम पूर्ण होते आणि मंदिराची सेवा तेथून पुढे सुरू होते. ज्या सभामंडपात उद्या भजन रंगेल, त्याच मंडपात गावचे तंटे मिटोत, अडल्या-नडल्याला मूठभर धान्य मिळो, लेकीबाळींच्या शिक्षणाची चिंता वाहिली जावो, आणि हे सारे कोणाच्या धाकाने न होता आपखुशीने होवो, एवढेच मागणे श्रींच्या चरणी आहे.