क्रॉसड्रेसर म्हणजे नेमकं कोण? साडीतला फोटो, घरच्यांना सांगणं आणि कायदा काय म्हणतो

एखाद्या मुलाने साडी नेसून, टिकली लावून फोटो टाकला की खाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास येतात. काही जण लिहितात, ‘किती सुंदर!’ आणि काही जण लिहितात, ‘घरच्यांना माहीत आहे का?’ टोमणा म्हणून विचारलेला हा दुसरा प्रश्न त्या मुलासाठी मात्र अनेकदा खरोखरच सगळ्यात अवघड असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

क्रॉसड्रेसर म्हणजे काय?

समाजाने दुसऱ्या लिंगासाठी ठरवलेले कपडे आवडीने घालणारी व्यक्ती म्हणजे क्रॉसड्रेसर. बहुतेक वेळा हा शब्द स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषांसाठी वापरला जातो. काही जण महिन्यातून एखाद्या वेळी दार बंद करून साडी नेसतात, तर काही जण रोज थोडं काजळ लावतात. कारणंही वेगवेगळी असतात. कुणाला त्यात शांत वाटतं, कुणाला नटण्याची हौस असते, कुणाला स्वतःचाच एक वेगळा भाग त्यात सापडतो.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. ट्रान्सजेंडर व्यक्तीचं स्वतःचं लिंगभान जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळं असतं. समलैंगिकता म्हणजे आकर्षण कुणाबद्दल वाटतं, याचा प्रश्न. क्रॉसड्रेसिंग ही वेशाची गोष्ट आहे. साडी नेसणारा पुरुष स्वतःला पुरुषच मानत असेल, त्याला बायको-मुलंही असतील. काहींना पुढे जाऊन आपण ट्रान्सजेंडर आहोत असं उमगतं, पण प्रत्येकाचं तसं होत नाही. हे ठरवायचं त्या व्यक्तीने, कमेंट करणाऱ्याने नाही.

हे ‘बाहेरून आलेलं फॅड’ आहे का?

महाराष्ट्रात तरी असं म्हणता येणार नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. त्यांच्या साड्या, दागिने आणि केशरचना यांचं अनुकरण घरंदाज बायका करत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, तेही हॉटेलात काम करणारे पुरुष.

आता भंडारा जिल्ह्यात या. तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी असो की वैनगंगेकाठचं दुसरं कुठलं गाव, हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई भरते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत रंगते. या लोककलांत बाईचं काम पुरुषाने करण्याची जुनी रीत आहे. लुगडं नेसून नाचणाऱ्या त्या कलाकाराला गाव रात्रभर दाद देतं.

मग अडतं कुठे? मंचावर सगळ्यांना ठाऊक असतं की ही भूमिका आहे, सकाळी उतरणार. तोच माणूस घरात, स्वतःच्या आवडीने लुगडं नेसला तर टाळ्या थांबतात. ‘नटरंग’ या २०१० च्या चित्रपटातला पैलवान गुणा नाच्या होतो आणि मंच सोडल्यावरही लोक त्याची हेटाळणी थांबवत नाहीत. त्या कथेचा सगळा सल इथेच आहे. अर्थात स्त्रीभूमिका करणारा प्रत्येक नट क्रॉसड्रेसर होता, असं समजणंही चूकच.

फोटोच का?

आरशातलं रूप क्षणात जातं, फोटो उरतो. ज्याला वर्षभर हे कपडे ट्रंकेच्या तळाशी लपवून ठेवावे लागतात, त्याच्यासाठी तो फोटो म्हणजे ‘हा मीच होतो’ याचा पुरावा. प्रकाश कुठून घ्यायचा, पदर कसा टाकायचा, चेहरा दाखवायचा की नुसते बांगड्यांचे हात, हे सगळं तो स्वतः ठरवतो. लोक आपल्याकडे कसं बघतात हे हातात नसतं, आपण स्वतःला कसं बघायचं हे कॅमेऱ्यामुळे हातात येतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत १९५० आणि ६० च्या दशकांत ‘कासा सुझाना’ नावाचं ठिकाण होतं. क्रॉसड्रेसर पुरुष तिथे सुट्टीला जमत आणि एकमेकांचे फोटो काढत. त्या फोटोंत झगमगाट कमी आणि घरगुतीपणा जास्त. ते फोटो पुढे न्यूयॉर्कच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडले आणि २००५ साली त्यांचं पुस्तक निघालं. फिल्म धुवायला बाहेर देणं म्हणजे गुपित परक्याच्या हाती देणं, असा तो काळ होता. आज धुवायची गरज उरली नाही, पण गुपित फुटण्याच्या वाटा वाढल्या आहेत.

हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत पूर्वी यासंबंधीची निदानं होती. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती राहिली नाहीत. लपवण्याचा ताण, अपराधीपणा, झोप उडणं या गोष्टी मात्र खऱ्या असतात आणि त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

कायदा काय म्हणतो?

पुरुषाने साडी नेसणं हा भारतात गुन्हा नाही. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींबाबत सांगितलं, की पोशाख, बोलणं आणि वागणं यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तीचा भाग आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने मान्य केलं.

पोस्ट करण्याआधी हे तपासा

- फोनचं ऑटो बॅकअप कुठे जातं? घरात एकच खातं दोन-तीन फोनवर चालू असेल तर फोटो भावाच्या फोनवरही दिसेल.
- मागे काय दिसतंय? भिंतीवरच्या कॅलेंडरवर गावातल्या दुकानाचं नाव असतं. आईची साडी तर नातेवाईक लगेच ओळखतात.
- कॅमेऱ्याचं लोकेशन बंद आहे का?
- वेगळं अकाउंट काढलं तरी ते नेहमीच्या मोबाईल नंबरशी जोडलं, तर ओळखीच्यांना सुचवलं जाऊ शकतं.

कुणी फोटो व्हायरल करण्याची धमकी देऊन पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. अशी खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे.

घरच्यांना सांगायचं कसं?

सांगायलाच हवं, अशी सक्ती नाही. राहणं, शिक्षण, पैसा हे सगळं घरावर अवलंबून असेल तर थांबणं हा भित्रेपणा नाही. सांगायचंच असेल तर आधी एकाच माणसाला सांगा. मोठी ताई असेल, वहिनी असेल किंवा जुना मित्र. भांडणाच्या भरात किंवा लग्नघरात हा विषय काढू नका. काही जणांना आधी फोटो दाखवणं सोपं जातं, कारण ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहणारं चित्र खऱ्या फोटोपेक्षा बरंच भयंकर असतं.

लग्न ठरत असेल तर गोष्ट वेगळी. जिच्यासोबत आयुष्य काढायचं, तिला आधी कळणं हा तिचा हक्क आहे. ‘लग्नानंतर सुटेल’ या आशेवर लपवलेली गोष्ट सहसा सुटत नाही आणि फसवलं गेल्याची भावना साडीपेक्षा जास्त दुखावते.

आणि तुम्हालाच कुणी सांगितलं तर?

पूर्ण ऐका. ‘म्हणजे तू अमुक आहेस का?’ असं विचारून त्याच्यावर शिक्का मारू नका. त्याने दाखवलेला फोटो कौतुक म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. कुणाला, कधी सांगायचं हे त्यालाच ठरवू द्या. तुम्हाला लगेच सगळं समजलं नाही तरी चालेल. ‘मला सांगितलंस, बरं केलंस’ एवढं म्हणणं त्या दिवशी पुरेसं असतं.