प्रकाशनियंत्रक, रंगमंचीय : संकेतांचा अग्रक्रम

रंगमंचावरील दिव्यांची तीव्रता, रंग व दिशा यांविषयी निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे संकेत एकत्र करून त्यांपैकी कोणता अमलात आणावयाचा, याचा निवाडा करणारे यंत्र. रंगकर्मी त्यास नुसता ‘बोर्ड’ म्हणतात. एकाच दिव्यावर एकाच वेळी हाताखालचा फेडर (सरकपट्टी), आधी नोंदवून ठेवलेला क्यू (प्रकाशस्थिती) आणि चेसर (दिवे क्रमाने लावणारी मालिका) अशा तिन्हींचाही अंमल असू शकतो. परंतु दिव्यापर्यंत अखेरीस एकच आकडा पोहोचत असल्याने अग्रक्रमाचा नियम आधीच ठरवावा लागतो.

संकेत. अमेरिकेतील यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ मध्ये प्रसृत केलेल्या डीएमएक्स ५१२ या प्रमाणानुसार एका तारेवरून ५१२ वाहिन्या चालतात, प्रत्येकीचे मूल्य ० ते २५५ असते आणि पूर्ण संकेतमाला सेकंदास सुमारे ४४ वेळा पाठविता येते. मूल्य कोणी मागितले, याची नोंद तारेवर नसते; म्हणून निवाडा बोर्डातच व्हावा लागतो.

अग्रक्रमाचे नियम. (१) उच्चतम मूल्यास अग्रक्रम (एचटीपी) : एक फेडर ७० टक्के व दुसरा ४० टक्के मागत असेल, तर दिवा ७० टक्क्यांवर राहतो आणि पहिला खाली येताच ४० वर स्थिरावतो. हा नियम मुख्यतः तीव्रतेस लागू. (२) अंतिम आज्ञेस अग्रक्रम (एलटीपी) : शेवटची आज्ञा कायम, मग तिचे मूल्य लहान असो वा मोठे. फिरत्या दिव्याच्या दिशेत मोठा आकडा म्हणजे अधिक प्रकाश नव्हे, तर केवळ निराळी जागा. म्हणून तेथे हाच नियम योग्य.

या सर्वांवर ग्रँडमास्टरचा, म्हणजे सर्व दिव्यांची तीव्रता एकत्र कमी-अधिक करणाऱ्या मुख्य फेडरचा, अखत्यार चालतो. तो ५० टक्क्यांवर आणल्यास ७० चे ३५ होतात; मात्र दिशा व रंग यांस तो सामान्यतः स्पर्श करीत नाही, त्यामुळे ब्लॅकआऊटच्या अंधारातही फिरता दिवा पुढील प्रवेशाच्या जागी वळवून ठेवता येतो.

दोन बोर्ड. दोन बोर्डांच्या डीएमएक्स तारा परस्पर जोडून भागत नाही. मध्ये दोहोंचे संकेत एकत्र करणारे मर्जर हे उपकरण लागते. एसएसीएन या जालाधारित पद्धतीत प्रत्येक स्रोतास ० ते २०० यांपैकी अग्रक्रमांक असतो. एरवी तो १०० धरतात. श्रेष्ठ क्रमांकाचा स्रोत अडीच सेकंद मूक राहिल्यास तो लुप्त समजून अधिकार खालच्या स्रोताकडे जातो.

वऱ्हाडातील उपयोग. अमरावती व अकोला ही राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची केंद्रे असून स्पर्धेत प्रकाशयोजनेचेही परीक्षण होते. अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह यांसारख्या नाट्यगृहांत त्याच दिव्यांवर एकामागून एक संघ आपापली योजना बसवितात, तेव्हा आधीच्या संघाचा एखादा सबमास्टर (दिव्यांच्या गटाचा फेडर) ६० टक्क्यांवर राहून गेला, तर एचटीपीमुळे नव्या संघाचा रात्रीच्या प्रवेशासाठीचा २० टक्क्यांचा क्यू निष्प्रभ ठरतो. यास्तव क्यू तपासण्यापूर्वी सर्व फेडर शून्यावर आणण्याचा प्रघात आहे.